नको असलेला ब्लॉग कसा सुरू करायचा: मास मीडियाच्या पोरांसाठी

जुलै उजाडला की ज्युनियर पोरांचे मेसेज सुरू होतात. सरांनी ब्लॉग काढायला सांगितलाय, इंटर्नलचे मार्क आहेत, काय लिहू, आणि शेवटी तो रडका इमोजी. मास मीडियाच्या डिग्रीचं नाव बीएमएमचं बीएएमएमसी झालं, सिलॅबस बदलला, पण हा मेसेज काही बदलत नाही. आणि त्यात एक वाक्य हमखास असतं, मला ब्लॉग वगैरे आवडत नाही हो, मला रिपोर्टर व्हायचंय.

तर हे त्या पोरांसाठी. ज्यांना हौस आहे त्यांनी नाही वाचलं तरी चालेल, हौसेवाल्यांना कुणी काही सांगायला लागत नाही, ते रात्री दोन वाजता टेम्प्लेटचा रंग बदलत बसलेले असतात.

आधी नको का वाटतं ते बघू. पहिल्या सेमिस्टरपासून शिकवलेलं असतं की बातमीत मी नको, स्वतःचं मत नको, कोण काय कधी कुठे का कसं एवढं लिही आणि बाजूला हो. मग तेच सर एक दिवस म्हणतात ब्लॉग लिहा, व्यक्त व्हा. आता विशीतल्या माणसाकडे व्यक्त व्हायला असं काय असतं? पहिला पाऊस, आजीच्या हातचं थालीपीठ, लोकलमधली गर्दी आणि त्यातून दिसणारं मुंबईचं स्पिरिट. हे लिहायची लाज वाटते ना, ती बरोबर वाटते, ती तशीच राहू द्या. माझं म्हणणं एवढंच की व्यक्त होऊच नका. ब्लॉगला बीट समजा. पेपरात कसं कुणाला क्राइम असतं, कुणाला महापालिका, कुणाला शिक्षण, तशी स्वतःला एक बीट द्या, इतकी छोटी की कुठलाच पेपर तिथे रोज माणूस पाठवणार नाही, आणि तिथलं लिहा. मी हा शब्द फक्त तेवढ्यापुरता, की मी इथे उभा होतो आणि मला हे दिसलं.

वय कमी आहे, आपलं कोण वाचणार, असं ज्यांचं म्हणणं असतं त्यांच्यासाठी एक तारीख. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, त्या दिवशी कॉलेजात हार घालून भाषणं होतात, पण हिशोब कुणी करत नाही. बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म १८१२चा, आणि मराठीतलं पहिलं वृत्तपत्र दर्पण त्यांनी मुंबईत काढलं ६ जानेवारी १८३२ला. म्हणजे वय टीवायच्या, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाच्या पोराएवढं. आणि हो, १८४०मध्ये ते बंदही पडलं, तेव्हा तुमचा ब्लॉग दोन सेमिस्टरनंतर थांबला तर आभाळ कोसळत नाही.

बीट ठरवा, आणि लहान ठरवा

मुंबई ही बीट नाही. मुंबईची वाहतूक हीसुद्धा नाही. कुर्ला स्टेशन पश्चिमेवरून बीकेसीकडे, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणारी ३१० नंबरची बस, ही बीट. तुमच्या वॉर्डाचं ऑफिस आणि तिथली एक खिडकी, ही बीट. एक महापालिका शाळा, एक मार्केट, एक पूल.

पुलाचंच घ्या. प्रभादेवीचा पूल, ज्याला सगळे अजून एल्फिन्स्टनच म्हणतात, तो शिवडी-वरळी कनेक्टरच्या कामासाठी सप्टेंबर २०२५मध्ये वाहनांना बंद झाला. त्या आठवड्यात सगळ्या पेपरांत बातमी, पर्यायी मार्गाचा नकाशा, रहिवाशांच्या घरांचा प्रश्न, सगळं आलं. नंतर चॅनेलचे कॅमेरे गेले. पण प्रभादेवीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला केईएम किंवा टाटा हॉस्पिटलला जायचं असेल तर तो रोजच जातोय ना, टॅक्सी करी रोडवरून फिरते का दादरच्या टिळक पुलावरून, मीटर आधी किती व्हायचं आणि आता किती होतं, डायलिसिसवाल्या पेशंटला आठवड्यातून दोन-तीनदा हे करायला लागतं त्याचं काय, पुलाच्या तोंडाशी असलेल्या चहावाल्याचं गिऱ्हाईक कुठे गेलं. हे लिहायला कुणी येत नाही, कारण ते ब्रेकिंग नाही. तुम्हाला ब्रेकिंगची घाई नाही, तुमचा फायदा तिथेच आहे.

निवडताना बघायचं एवढंच की तिथे पोचायला फार खर्च आणि वेळ नको, कारण लांब असलं की पावसाळ्यात जाणं बंद होतं. आणि तिथे माणसं थांबलेली पाहिजेत. धावणारी माणसं बोलत नाहीत. रांग, ओपीडी, बस स्टॉप, रेशन दुकान, झेरॉक्सवाला, इथे लोक स्वतःहून बोलतात, उलट थांबवायला लागतं.

सिनेमा, क्रिकेट आणि दिल्लीचं राजकारण सोडून द्या. वाईट विषय आहेत म्हणून नाही, पण तुमच्याकडे त्यात असं काही नाही जे बाकीच्यांकडे नाहीये.

जागा कुठली

यावर लोक महिना घालवतात. घालवू नका. गुगलचं ब्लॉगर फुकट आहे, १९९९पासून चालू आहे, दिसायला जुनाट पण बिनतक्रार चालतं. वर्डप्रेस डॉट कॉम जरा देखणं, फुकटच्या प्लॅनवर मधे मधे जाहिराती येतात. ईमेलने थेट वाचकाला पाठवायचं असेल तर सबस्टॅक. तिन्हींवर मराठी व्यवस्थित चालतं. स्वतःचं डोमेन, होस्टिंग, थीम विकत घेणं, हे सगळं नंतर. काही महिने टिकलात तर घ्या.

ब्लॉगसाठी वेगळा ईमेल काढा, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि स्वतःचा मोबाईल नंबर किंवा घरचा पत्ता कुठेही टाकू नका. मुलींना हे जास्त सांगायला लागतं असं नाही, त्यांना माहीत असतं, मुलांनाच माहीत नसतं. कॉमेंट आधी तुमच्याकडे येऊन मग दिसतील अशी सेटिंग पहिल्या दिवशीच करून ठेवा.

नाव स्वतःचं वापरा. टोपणनावाने लिहिलेला ब्लॉग उद्या इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला दाखवताना आधी तो तुमचाच आहे हे पटवत बसायला लागतं. आणि ब्लॉगच्या नावात मनातलं, शब्दगंध, अंतरंग असलं काही नको, तुमच्या बीटचं नाव द्या.

टायपिंग, म्हणजे जिथे निम्मे गळतात

पत्रकारिता मराठीत करायची आणि मराठी टाइप येत नाही, अशी पोरं ढिगाने आहेत. फोनवर जीबोर्ड घ्या, त्यात मराठी भाषा जोडा, रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवायचं का थेट देवनागरी कीबोर्ड वापरायचा ते तुमचं तुम्ही बघा. लॅपटॉपवर विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आयताच असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. पुढे डेस्कवर काम करायचं असेल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड, शिका, सुरुवातीला बोटं रडतात पण एकदा बसलं की स्पीड येतो आणि जोडाक्षरं हवी तशी पडतात.

काही गोष्टी जवळून बघण्यासारख्या आहेत. दुसऱ्या, पुऱ्या, सुधारणाऱ्या, यातला तो चंद्रकोरीसारखा र साध्या र ने येत नाही. साधा र घेतलात तर त्याचं रफार होऊन तो पुढच्या या च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि शब्द दुसर्या असा दिसतो. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. फोनवर र दाबून धरलं की बहुतेक कीबोर्डवर तो वर येतो. मराठी वाचणारा माणूस पहिल्या परिच्छेदात दुसर्या बघतो आणि ठरवून टाकतो की लिहिणारा कच्चा आहे. अन्याय आहे, पण असंच होतं.

तसंच ॲप, ॲसिड यातला ॲ. एक अख्खं अक्षर आहे, आणि एक अ लिहून वर चंद्र देऊन बनवलेलं. डोळ्याला सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द वाटू शकतात, मग शोधताना घोळ होतो. कुठलातरी एक ठरवा आणि तोच ठेवा.

आणि पेपरात इंटर्नशिप केली असेल तर तिथे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर थेट ब्लॉगवर पेस्ट करू नका, सगळी चिन्हंचिन्हं दिसतील. आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायचं, आणि कन्व्हर्ट झाल्यावर सगळं पुन्हा वाचायचं, कारण कन्व्हर्टर नेमका जोडाक्षरांत आणि रफारात गंडतो.

बोलून टाइप करणं चांगलं आहे, वही समोर ठेवून नोंदी बोलत जा, पटापट उतरतं. पण विरामचिन्हं तुम्हालाच घालायची, आणि माणसांची नावं, गल्ल्यांची नावं, सगळी तपासायची. गर्दीच्या डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून लिहायचं स्वप्न मात्र सोडा, तिथे खिशातून फोन बाहेर येत नाही.

पहिली पोस्ट: माझी ओळख लिहू नका

सगळ्यांचा पहिला लेख असतो, नमस्कार मित्रांनो, मी अमुक, आज मी ब्लॉगविश्वात पाऊल टाकत आहे. मग दुसरा लेख येतच नाही. ओळख एका वेगळ्या पानावर चार ओळींत लिहा, आणि पहिली पोस्ट थेट बातमी असू द्या.

३१०चं उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. मोठी बातमी सगळ्यांना माहीत आहे, ९ मे २०२५पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला ५चं १० झालं आणि एसीला ६चं १२. हे पुन्हा लिहून काही उपयोग नाही. तुमचं काम आहे सकाळी साडेआठ ते दहा कुर्ला पश्चिमेला त्या रांगेच्या बाजूला उभं राहणं. वही घ्या, रकाने आखा: बस किती वाजता आली, साधी का एसी, किती वाजता सुटली, सुटताना खाली किती लोक राहिले. मोबाईलवर नाही, वहीतच, कारण गर्दीत मोबाईल समोर धरून उभे राहिलात की लोकांना वाटतं शूटिंग चाललंय, आणि ते एकतर गप्प होतात नाहीतर भाषण सुरू करतात.

एकाच सकाळच्या जोरावर लिहू नका. दोन वेगवेगळ्या वारी जा, एक सोमवार धरा, सोमवारी ऑफिसची गर्दी वेगळी असते. आणि लिहिताना जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. ३१० अर्ध्या अर्ध्या तासाने येते असं नाही लिहायचं, सोमवारी साडेआठ ते दहामध्ये मी मोजल्या तेव्हा एवढ्या बस आल्या आणि सगळ्यात मोठं अंतर एवढ्या मिनिटांचं होतं, असं लिहायचं. हे वाक्य कंटाळवाणं दिसतं, पण उद्या डेपोतून कुणी म्हणालं की हे खोटं आहे, तर तुमच्या हातात वही असते.

आता इंट्रो. वर्गात ज्या पद्धतीने लिहायची सवय लागलेली असते ती साधारण अशी: मुंबईची दुसरी जीवनवाहिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेस्टच्या प्रवाशांना सध्या अनेक समस्यांना सामोरे जावे लागत असून प्रशासनाचे याकडे दुर्लक्ष होत असल्याचे चित्र दिसून येत आहे. या वाक्यात कुणी नाही, काही घडत नाही, आणि बेस्टच्या जागी एसटी टाकलं, नाहीतर पाणी टाकलं, तरी ते तसंच चालतं. जे वाक्य कुठेही चालतं ते काढून टाका.

त्याऐवजी वहीतून उचला. समजा असं: रांगेतल्या चौथ्या बाईंनी बारा रुपये सुटे काढून मुठीत धरलेत, बस वीस मिनिटांत आलेली नाही, शेअर रिक्षावाला बीकेसी बीकेसी ओरडत तिसऱ्यांदा येऊन गेला आणि रांगेतले दोघं निघून गेले. आकडे अर्थात तुम्ही मोजलेले घाला, हा नुसता नमुना आहे. पण बघा, यात मत कुठेच नाही, तरी भाडं, उशीर आणि रिक्षाचा धंदा, तिन्ही आलं. भाडेवाढीची माहिती मग दुसऱ्या परिच्छेदात, तारखेसकट.

बोलणाऱ्या माणसाला आधी सांगा की मी विद्यार्थी आहे, हे लिहून टाकणार आहे, नाव घालू का. नको म्हणाला तर आग्रह नाही, कुर्ल्याच्या रांगेतल्या एक नर्स, एवढं पुरतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तेही विचारून. आणि कंडक्टर-ड्रायव्हरच्या बाबतीत जास्त जपा. ते बोलतात, खूप बोलतात, बऱ्याच गाड्या आता कंत्राटदारांच्या आहेत त्यामुळे पगाराचं, ड्युटीचं, सगळं सांगतात. पण त्यांना मीडियाशी बोलायची मुभा नसते आणि तुमच्या ब्लॉगमुळे त्या माणसाची ड्युटी जाऊ शकते. नाव नाही, बिल्ला नंबर नाही, चेहऱ्याचा फोटो नाही, गाडीचा नंबर आणि वेळ एकत्र देऊन कुणीही शोधून काढेल असंही नाही. तुमच्या इंटर्नलच्या मार्कांसाठी दुसऱ्याची नोकरी पणाला लावायची नसते.

अधिकाऱ्याची बाजू घ्यायचा प्रयत्न कराच. डेपोत जा, मॅनेजर बहुतेक म्हणतील वरून परवानगी लागते, जनसंपर्क विभागाला लिहा. मग खरंच लिहा, ईमेल करा, मुदत द्या, आणि उत्तर नाही आलं तर पोस्टमध्ये तारखेसह लिहा की अमुक दिवशी विचारलं, हा मजकूर टाकेपर्यंत उत्तर आलेलं नाही. सूत्रांच्या माहितीनुसार हे शब्द मात्र वापरू नका. तुम्हाला अजून सूत्र नाहीत, स्टॉपवरचे काका आहेत, आणि काका म्हणाले असं लिहिलेलं जास्त खरं वाटतं.

माहितीचा अधिकार, दहा रुपयांत

पोरांना वाटतं आरटीआय मोठ्या पत्रकारांसाठी असतो. कायदा २००५चा आहे आणि तो नागरिकासाठी आहे, प्रेसकार्ड लागत नाही, का हवंय हेही सांगायला लागत नाही. महाराष्ट्रात फी १० रुपये, कागदावर अर्ज करत असाल तर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, नाहीतर राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून करायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. झेरॉक्सचे पानाला २ रुपये.

महाराष्ट्राच्या नियमांत दोन अटी आहेत ज्यांच्यावर नवख्यांचे अर्ज अडकतात: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. म्हणून पाल्हाळ नको, बेस्टच्या कारभाराबद्दल नाराजी नको, प्रस्तावना नको.

का असं विचारू नका. ३१०च्या फेऱ्या कमी का केल्या, असं विचारलंत तर उत्तर येतं की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असतं, कारण कायदा कागद देतो, स्पष्टीकरण देत नाही. असं मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मार्ग क्रमांक ३१०वर रोज ठरवलेल्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष चालवलेल्या फेऱ्या यांची तारीखनिहाय नोंद, त्याची प्रत द्यावी. एक महिना मागा, पाच वर्षं मागू नका, पाच वर्षं मागितली की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे म्हणून टाळतात. उत्तर आलं की तुमच्या वहीतल्या नोंदी आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा, दुसरी पोस्ट तयार.

उत्तर नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर मुदत संपल्यापासून किंवा उत्तर हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. हे बहुतेक जण करतच नाहीत, आणि ते ऑफिसवाल्यांनाही ठाऊक असतं. अपील केलंत की निदान कुणीतरी फाईल उघडतं.

कायदा, घाबरून जायचं नाही पण माहीत पाहिजे

ब्लॉगवर संपादक नसतो, वकील नसतो, जे लिहिलं ते तुमच्या नावावर. बदनामीचा गुन्हा आधी आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४९९-५००मध्ये होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे. नुसतं खरं आहे म्हणून सुटका होत नाही, खरं असून ते लोकहितासाठी लिहिलेलं असावं लागतं. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीने पैसे खाल्ले, असं सगळे म्हणतात म्हणून लिहायचं नाही. हिशोबाचा कागद असेल तर कागदात काय आहे ते लिहायचं, आणि सेक्रेटरीला विचारून त्याचं म्हणणंही घालायचं.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही नको. नाव तर नाहीच, पण बिल्डिंग, शाळा, आईवडिलांचं काम, यातलं काहीही जोडून ओळख पटत असेल तर तेही नको. संहितेचं कलम ७२ आणि लहान मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३ यावरच आहे. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, हे कारण चालत नाही.

फोटो स्वतःचे काढा. गुगलवरून उचललेला फोटो आणि खाली सौजन्य गुगल, हे सौजन्य नसतं, ती चोरी असते, गुगलने फोटो काढलेला नसतो. नाहीच जमलं तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा आणि तिथे परवान्यात सांगितलंय तसं काढणाऱ्याचं नाव द्या. स्टेशनच्या आत ट्रायपॉड वगैरे लावून शूटिंग करायचं नाही, रेल्वेची परवानगी लागते. फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर घराच्या खिडकीतून काढलेल्या पावसाच्या फोटोत घराचा पत्ता जातो.

आणि ब्लॉग काढला म्हणून बाइकवर प्रेस लिहू नका. सरकारचं अधिस्वीकृतीपत्र, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, ही वेगळी भानगड आहे, ते ब्लॉगवर मिळत नाही. नाक्यावर हवालदार थांबवतो तेव्हा त्यालाही ते कळतं.

लिंक खराब होते ती अशी

ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत दिलं की पानाच्या पत्त्यात ते येतच नाही, पत्ता होतो ब्लॉग-पोस्ट आणि पुढे कसलातरी आकडा. वर्डप्रेसवर उलटं, देवनागरी पत्ता तिथे बरा दिसतो पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली चार ओळींची शेपूट येते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. दोन्हीकडे उपाय एकच, पब्लिश करायच्या आधी परमालिंक, म्हणजे पानाचा पत्ता, हाताने बदला, रोमन अक्षरांत तीन-चार शब्द, kurla-bkc-bus-rang एवढं बास. नंतर बदललंत तर आधी पाठवलेल्या लिंक तुटू शकतात.

फोटो फोनमधून चार-पाच एमबीचा तसाच चढवू नका, रुंदी बाराशे पिक्सेलपर्यंत आणून चढवा, वाचणारा माणूस बेसमेंटच्या कॅन्टीनमध्ये एका काडीच्या नेटवर्कवर वाचत असतो. परिच्छेद छोटे, फोनच्या स्क्रीनवर अख्खा परिच्छेद एकदम दिसेल एवढे.

पहिली लिंक फॅमिली ग्रुपवर टाकू नका, तिथे अंगठे येतात आणि आत्या विचारते पैसे किती मिळतात. पहिली लिंक ज्यांच्याशी बोललात त्यांना पाठवा. ती नर्स, तो चहावाला. ते वाचतात, आणि चूक असेल तर लगेच सांगतात की अहो मी असं नव्हते म्हणाले. तिथे मजकूर गुपचूप बदलायचा नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती असं लिहून काय बदललं ते सांगायचं. पुढे तीच माणसं स्वतःहून फोन करतात, ताई स्टॉप हलवलाय बघ. बीट चालायला लागली, तेव्हा ओळखा.

आकडे बघत बसायचं असेल तर आधी सेटिंगमध्ये स्वतःच्या भेटी मोजू नका हा पर्याय लावा, नाहीतर निम्मे व्ह्यू तुमचेच असतात. पैशांचं म्हणाल तर गुगलच्या जाहिराती मराठी ब्लॉगला मिळू शकतात, पण बसच्या रांगेवरच्या ब्लॉगमधून त्या रांगेतलं तिकीट सुटलं तरी खूप, त्या हिशोबाने सुरू करूच नका.

इंटर्नशिप लागली की

ब्लॉगचा खरा उपयोग इथे होतो आणि भांडणंही इथेच होतात. ऑफिसात जॉइन होताना पहिल्या दिवशी विचारून घ्या की माझा ब्लॉग आहे, चालू ठेवू का, आणि शक्यतो ईमेलवर विचारा म्हणजे उत्तरही लेखी राहतं. काही ठिकाणी बाहेर लिहायला साफ मनाई असते, काही ठिकाणी बीट वेगळी असेल तर हरकत नसते. मीटिंगमध्ये ऐकलेलं, डेस्कवर आलेली प्रेसनोट, सीनियरला मिळालेली टिप, यातलं काहीही ब्लॉगवर जात नाही, बातमी पेपराने छापली नाही तरीही. का छापली नाही यावर तर अजिबात नाही, निदान तिथे आहात तोवर.

इंटरव्ह्यूला जाताना सीव्हीत अख्ख्या ब्लॉगची लिंक देऊन सोडू नका, संपादकाकडे वेळ नसतो. तीन पोस्ट निवडा, त्यात एक आरटीआयवाली ठेवा, आणि आरटीआयचं उत्तर आलेला तो कागद, वही, दोन्ही बॅगेत असू द्या. चांगला चीफ रिपोर्टर भाषेवर एखादाच प्रश्न विचारतो, बाकी सगळं हा आकडा कुठून आणला यावर असतं. आणि तो म्हणाला की हेच आम्हाला चारशे शब्दांत करून दे, तर ब्लॉगवरचं जसंच्या तसं कापून देऊ नका, पुन्हा एकदा कुर्ल्याला जाऊन या, तोपर्यंत वेळापत्रक बदललेलं असू शकतं.